लाल पट्टीतली अकरावी ओळ

"पट्टी बघितल्याशिवाय पहिलं अक्षर टाइप करायचं नाही," असं कुलूपबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या आणि मी मान डोलावली होती. त्या दिवसांत मी सगळ्यालाच तशी मान डोलावत होते. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्यांना, नवऱ्याच्या 'होईल गं सगळं'ला, सासूबाईंच्या 'जरा पड घटकाभर'ला. मान वरखाली व्हायची आणि आतली मी दुसरीकडेच असायची, घरी, पाळण्याच्या डाव्या कठड्याशी, जिथं माझी लेक ढब्बू झोपेत पाय आपटायची आणि जिथं मी दुपटं चौपदरी करून बांधलं होतं. कुलूपबाई म्हणजे आमच्या प्रशिक्षिका. खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण वर्गाचं दार आतून लावून झाल्यावरही त्या दोनदा कडी हलवून बघत, म्हणून आम्ही सहा जणांनी तिसऱ्याच तासाला त्यांचं बारसं केलं होतं. पट्टी म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक खिडकीच्या माथ्यावरची बोटभर रुंद रंगीत रेघ. बोटभर रेघ काय बघायची? ज्या बाईला आठ महिने बाळाच्या नखाखालचा रंगसुद्धा सुटला नव्हता, तिला एवढी ढळढळीत रेघ दिसणार नाही होय?

आमच्या कोर्सचा विषय सांगायला लागलं की पाहुणे चहाच्या कपात बघायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगते. साध्या कॉम्प्युटरवर एक ॲडमिन असतो आणि त्या घरात तो देव असतो. कुणाचंही कपाट उघडेल, काहीही पुसेल, कोण विचारतो. आम्ही ज्या सिस्टीम सांभाळायला शिकत होतो तिथं देवच नाही. तिथं प्रत्येक फाईलला, प्रत्येक खिडकीला, प्रत्येक माणसाला एक लेबल असतं. हिरवं म्हणजे सर्वांसाठी, पिवळं म्हणजे घरातल्यांसाठी, लाल म्हणजे मोजक्यांसाठी. लालमध्ये बसलेल्या माणसाला खालचं हिरवं सगळं वाचता येतं, पण खाली एक अक्षर लिहिता येत नाही, कारण वरचं गुपित अशाच एखाद्या अक्षराला चिकटून खाली घसरतं. आणि देवाचे हातही दोन माणसांत वाटून टाकलेले. एकानं माणसाची नोंद करायची, दुसऱ्यानं त्याला लेबल द्यायचं. एकट्यानं काही म्हणजे काही होत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गंमत वाटली होती, कारण माझ्या घरात देवाचं सगळं खातं एकटी मीच सांभाळत होते आणि कुणी वाटून मागितलं तर फणा काढत होते. सासूबाईंनी ढब्बूला आंघोळ घातली की मी पाण्यात कोपर बुडवून बघायची, आंघोळ झाल्यावर. "गार होतं का गं?" त्या विचारायच्या. "नाही," मी म्हणायची. "मग काढ की कोपर," त्या म्हणायच्या.

तो तिसरा दिवस होता. पहिल्या दिवशी ढब्बूनं वाटीचमच्यानं दूध प्यायला साफ नकार दिला होता, दुसऱ्या दिवशी चार चमचे पिऊन तीन उडवले होते. मी काढून ठेवलेलं दूध, तिच्याच वाटचं, पण ते माझ्यातून आलं नाही म्हटल्यावर तिला ते परक्याचं वाटत होतं. त्या सकाळी दारात चपला घालता घालता मी नवऱ्याला सांगितलं की आज एक वाजेपर्यंत ती प्यायली नाही तर मी कोर्स सोडणार. तो म्हणाला, "बरं." त्याच्या 'बरं'चा मला इतका राग आला की मी जिना उतरताना पायऱ्या मोजल्या. खरं तर त्यानं 'नको' म्हणावं असं वाटत होतं, की 'सोड आत्ताच' म्हणावं असं वाटत होतं, ते मला आजही धड सांगता येणार नाही. सूचना लिहून ठेवायच्या होत्या, रात्रीच लिहायच्या होत्या, पण ढब्बू अंगाला अशी चिकटली होती की पेन धरायला हात मोकळा नव्हता. मग ठरलं असं, की बारा वाजता सासूबाई तिला घेऊन केंद्राच्या गेटवर येतील आणि मी कागद पाठवेन. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीतून हातानं लिहिलेलं चिटोरंसुद्धा बाहेर जात नसे. फोन दाराबाहेरच्या लोखंडी खणांत. पण हिरव्या लेबलचा प्रिंटर खाली गेटवरच्या टेबलाशी होता आणि एक पान छापायला कुलूपबाईंनी परवानगी दिली होती, तीही कडी हलवल्यासारखी दोनदा विचारून. "एकच पान ना? नक्की एकच?"

सव्वाअकराला सरावाची फाईल वाचून झाली आणि उरलेल्या वेळात मी लिहायला घेतलं. लिहिताना मला किती बरं वाटत होतं! बोटं आपोआप पळत होती. फ्रिजचा दुसरा कप्पा, वाटी गरम पाण्यात ठेवा, गॅसवर नको. चमचा वरच्या ओठाला लावा, आत खुपसू नका. डाव्या कानाची पाळी अंगठ्यानं हळू चोळली की तिचे डोळे जड होतात, उजव्या कानाची चोळली तर चिडते, का ते विचारू नका. माझी आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. दिवसभर शेकडो लोकांचे आवाज तिच्या कानातून जात आणि मी शेजाऱ्यांकडे गळ्यात किल्ली अडकवून बसलेली असे. तिनं माझ्यासाठी कधी असा कागद लिहिला नव्हता. शेजारच्या काकूंना नुसतं म्हणायची, "आहे हो ती." बस, एवढंच. त्या तीन शब्दांवर मी वाढले, आणि माझ्या मुलीसाठी माझी अकरावी ओळ चालू होती. मग मी पान छापायला दिलं आणि स्क्रीनवर मधोमध एक चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं, हा मजकूर तुम्ही खाली पाठवू शकत नाही. मी पुन्हा बटण दाबलं. चौकट पुन्हा तिथंच. अकरा चाळीस. मग मी पहिल्यांदा वर बघितलं आणि माथ्यावर ती बोटभर रेघ, कुंकवासारखी लाल, सकाळपासून तिथंच असल्यासारखी शांत. सरावाची फाईल मी लाल खिडकीत वाचली होती आणि तिथंच लिहायला सुरुवात केली होती. माझ्या ढब्बूच्या कानाची पाळी देशाच्या गुपितांच्या रांगेत जाऊन बसली होती.

तरी हात थांबले नाहीत. मी मजकूर उचलून हिरव्या खिडकीत टाकून बघितला. तिनं घेतला नाही. मग मी गुपचूप हिरवी खिडकी रुंद केली आणि लालमध्ये बघून बघून पुन्हा पहिल्यापासून टाइप करू लागले. दुसऱ्या ओळीवर मागून कापराचा वास आला. कुलूपबाईंच्या साड्यांना नेहमी कपाटातल्या कापराचा वास यायचा.

"काय चाललंय?"

"पुन्हा लिहितेय, बाई."

"लालमध्ये वाचून हिरवीत?"

"पण ते माझ्या डोक्यातलंच आहे ना!"

"सगळ्यांचं डोक्यातलंच असतं. फितुरांचंसुद्धा."

मागून कुणीतरी हसलं. माझे कान तापले. मी म्हटलं, बाई, हे बाळाच्या दुधाचं आहे, बारा वाजता ती खाली येणार आहे, एकदा, फक्त आजच्या दिवस. आवाज नको तिथं चिरकला. कुलूपबाईंनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मी विसरणार नाही, कारण तो चक्क आनंद होता, स्वयंपाकघरात ऐन वेळी हवा तोच डबा हाताला लागावा तसा. "लालमधून हिरव्यात उतरवणं मी उद्या शिकवणार होते," त्या म्हणाल्या. "त्यासाठी खोटा मजकूरही तयार करून आणलाय, रद्दी नुसती. हा खरा आहे. रीतसर उतरवायला बारा मिनिटं लागतात, आपल्याकडे सतरा आहेत. खुर्च्या इकडे ओढा सगळ्यांनी!" आणि त्या आठवड्याचा माझा जोडीदार उठून माझ्याशेजारी येऊन बसला. नोंदणी माझ्याकडे होती, लेबलं त्याच्याकडे. आम्ही त्याला मिशी म्हणायचो. बावीस वर्षं एका बँकेच्या तिजोरीच्या खोलीत काढलेला, पन्नाशीचा, जाड, सावकाश माणूस. मी दर तीन तासांनी दूध काढायला बाहेर जायची तेव्हा तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा, म्हणून हा मला पाण्यात बघतो असं मी मनात पक्कं केलं होतं.

उतरवण्याची रीत अशी की ज्यानं लिहिलं त्यानं मागणी करायची आणि दुसऱ्यानं एकेक ओळ स्वतः वाचायची, वाचून विचारायचं, हे सर्वांना कळलं तर कुणाचं नुकसान? उत्तर 'नाही' असेल तर ओळ खाली. कॉम्प्युटर ते विचारत नाही. माणूस विचारतो, म्हणूनच माणूस ठेवलाय, असं बाई म्हणायच्या. मिशीनं चष्मा लावला. तो वाचताना ओठ हलवायचा आणि आवाज बँकेच्या खिडकीवरचा, सपाट.

"ओळ एक. फ्रिजचा दुसरा कप्पा, निळ्या झाकणाची बाटली. कुणाचं नुकसान?"

"नाही."

"ओळ चार. डाव्या कानाची पाळी." त्यानं थांबून स्वतःच्या कानाला हात लावला. "म्हणजे तिची डावी की समोरून बघणाऱ्याची?"

"तिची."

"तसं लिहा ना मग. चुकीचा कान चोळला तर नुकसान आहे." वर्ग फुटला. मी 'तिच्या' हा शब्द घातला. त्या दुरुस्तीला पुन्हा दोघांची मान्यता लागली, त्यात दीड मिनिट गेलं, माझे पाय टेबलाखाली धावत होते. गेटवर आता त्या आल्या असतील. ऊन असेल. टोपी घातली असेल का? सहाव्या ओळीत होतं की रडण्याआधी तिचा खालचा ओठ बाहेर येतो, तेव्हाच उचला, नंतर उचलून उपयोग नाही. मिशी म्हणाला, "हे खरंय. माझ्या नातीचा असाच यायचा," आणि एवढंच बोलून पुढं गेला, पण माझ्या मनातलं ते भिंतीवरचं घड्याळ जरा हललं. आठवी ओळ म्हणजे गाणं होतं. ते मीच जुळवलेलं, एका तापाच्या दुपारी, अर्थ नसलेलं. आणि ते त्या दार लावलेल्या खोलीत, सहा मोठ्या माणसांसमोर, तिजोरीच्या माणसाच्या आवाजात उभं राहिलं.

"ओळ आठ. मांजर गेली कपाटात. कपाट गेलं घरात. घर गेलं बाजारात. बाजार माझ्या हातात." तो थांबला. "ताई, हे सांकेतिक आहे का?"

"नाही हो, गाणं आहे!"

"मी विचारायला हवंच. नोंदीत जातं." मग बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चाल काय?" मी म्हटलं, बाई, वेळ! त्या म्हणाल्या, "चाल लिहिलेली नाही, म्हणजे मजकूर अपुरा आहे." म्हणून मी म्हटलं. आधी पुटपुटत, मग नीट. बाजार म्हणताना हात उघडायचा असतो, तोही उघडला. मला आठवतंय, त्या क्षणी मला अजिबात लाज वाटली नाही. आठ महिन्यांत मी ते गाणं मोठ्या माणसांसमोर कधी म्हटलं नव्हतं, दार लोटून घेऊन म्हणायची, जणू कुणी ऐकलं तर ते कमी होईल. आणि इथं सहा जणांनी ऐकलं आणि ते काही कमी झालं नाही. उलट मागचा एकजण दुसऱ्या खेपेला 'हातात'वर टाळी देऊन बसला.

दहाव्या ओळीनंतर मिशीचे ओठ थांबले. डोळे अकराव्या ओळीवर होते, पण आवाज नव्हता. अकरावी ओळ मी शेवटच्या अर्ध्या मिनिटात लिहिली होती, बोटं पळत होती त्या झोकात, आणि तिच्यात काय आहे ते मला त्याच्या गप्प बसण्यावरून आठवलं. 'ती माझ्याशिवाय अगदी मजेत राहिली, तर ते मला सांगू नका.' मी स्वतःलाही ते कधी एवढ्या स्वच्छ अक्षरांत सांगितलं नव्हतं. एक वाजेपर्यंत ती प्यायली नाही तर, असं म्हणत मी घराबाहेर पडले होते, आणि सकाळपासून पोटात जे टोचत होतं ते 'नाही प्यायली तर' हे नव्हतंच. प्यायली तर? हसली तर? माझी सोडलेली नोकरी, माझी झोप, माझं सगळं कोपर बुडवणं, हे सगळं एका वाटीचमच्यानं उगाच ठरलं तर? बाकीचे वाट बघत होते. त्यानं माझ्याकडे न बघता, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं,

"कुणाचं नुकसान?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही.

"तुमचंच," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा खिडकीवरच्या आवाजात, "ओळ अकरा वरच राहते. दहा ओळी खाली." आणि त्यानं त्याची खूण केली, मी माझी केली, आणि स्क्रीनवरची पट्टी लाल होती ती हिरवी झाली. एवढी साधी गोष्ट. एखादी खिडकी उघडावी तसं मला छातीत वाटलं. बारा वाजायला दोन मिनिटं होती. बाईंनी सगळ्यांना विचारलं, "अकरावी का राहिली?" मिशी म्हणाला, "लिहिणारीच्या मालकीची होती, बाई." बाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कोर्सभरात पहिल्यांदाच कडी दुसऱ्यांदा हलवली नाही. "चहा," त्या म्हणाल्या.

चहाच्या वेळी बाहेरच्या व्हरांड्यात जिन्याशी एक खिडकी होती, कायमची बंद, पण वरची काच स्वच्छ. तिच्यातून गेट दिसायचं आणि रस्त्यापलीकडची बाग. सासूबाई बागेतल्या बाकावर बसल्या होत्या, ढब्बू मांडीवर, डोक्यावर टोपी, बाजूला बाटली आणि वाटी, आणि हातात तो कागद. त्यांनी तो लांब धरून वाचला, अगदी शेवटपर्यंत. मग त्यांनी तो कागद मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला, कडा वळवल्या, आणि माझ्या दहा ओळींची होडी करून ढब्बूच्या डोक्यावरच्या टोपीवर उभी केली. ढब्बूनं ती ओढून काढली. त्यांनी पुन्हा ठेवली. ढब्बूनं पुन्हा ओढली, आणि ओढताना तिचं तोंड उघडं पडलं आणि त्या उघड्या तोंडात चमचा गेला. चमचा वरच्या ओठाला लावा असं लिहिलं होतं! मी काचेवर हात ठेवला. तिसरी ओळ, आई, तिसरी! तिसऱ्या मजल्यावरून, बंद काचेआडून, मला सगळं वाचता येत होतं आणि एक अक्षर खाली पाठवता येत नव्हतं. होडी वर, होडी खाली, चमचा. होडी वर, होडी खाली, चमचा. ढब्बू हसत होती. आवाज येत नव्हता पण ती हसली की तिची अख्खी पाठ हसते, ते मला तिसऱ्या मजल्यावरूनही कळतं. मी टोचण्याची वाट बघत राहिले. टोचेल, आत्ता टोचेल, म्हणून पोट घट्ट धरलं. आणि पोटातून जे वर आलं ते हसूच होतं, असं काही की चहा सांडला. शेजारी मिशी उभा होता. त्यानं खाली बघितलं, मोजल्यासारखं बघितलं. "वाटी रिकामी आहे," तो म्हणाला. "नोंद करा." मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "तुमची बाहेर जायची वेळ झाली ना, अकरा मिनिटं उशीर झालाय. मी रोज लक्ष ठेवतो, तुम्ही विसराल म्हणून."

संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, "आई, कागद वाचलात ना?"

"वाचला की. कागद छान जाड होता गं, होडी टिकली." त्या ढब्बूची बोटं पुसत होत्या. "गाणं कामाला आलं. बाकी ती मला आठ महिने ओळखते, तू काय मला तिची ओळख करून देतेस? आणि शेवटी अकराचा नुसता आकडा होता, पुढं काहीच नाही. एक कुठं खाल्लीस?"

"वर राहिली," मी म्हटलं. त्यांनी छताकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आज ती तुझ्याशिवाय फार मजेत होती हं, सांगून ठेवते," आणि मी दुसऱ्यांदा तशीच हसले, आणि त्यांना काय झालं ते कळलं नाही, पण माणूस हसत असलं की हसायचं एवढं त्यांना येतं, त्याही हसल्या, मग ढब्बू, मग दारातून आत येणारा नवरा, ज्याला काहीच माहीत नव्हतं. "बरं?" तो म्हणाला. "बरं," मी म्हटलं.

त्याला आता साडेतीन वर्षं झाली. मीच आता ॲडमिन शिकवते, त्याच खोलीत, आणि पहिल्या दिवशी पट्टीचं सांगते आणि समोरच्या माना डोलतात आणि मला कळतं की कुणी ऐकलेलं नाही. मी तिथं काही करत नाही. ज्याची त्यानं लाल खिडकीत आपली ओळ लिहावी लागते. माझी अकरावी ओळ अजून तिथंच आहे, सरावाच्या डिस्कवर, लाल लेबलखाली. ती पुसायलाही दोन माणसं लागतात आणि मिशी दरवर्षी एकदा फोन करून विचारतो, पुसायची का? मी म्हणते, राहू द्या, जागा कुठं अडतेय. आणि ढब्बू आता मोठी झाली आहे, म्हणजे चार वर्षांची. मी हे लिहीत बसले आहे ते पुढच्या खोलीत, सुटीची दुपार आहे, सासूबाई आणि नवरा बाजारात गेले आहेत. ढब्बू मागच्या खोलीत आहे. दार लोटलेलं आहे आणि दारावर तिनं स्वतःच्या हातानं चिकटपट्टीनं एक कागदाची रेघ लावली आहे, तेलखडूनं रंगवलेली, लाल. मी वाचून दाखवलेल्या गोष्टींतून हे तिनं उचललेलं नाही, माझ्या कामातून उचललंय. "आई, तू लालमध्ये नाहीयेस," असं मला सांगून ती आत गेली. वीस मिनिटं झाली. आवाज नाही. आधी गुणगुणत होती, मांजर, कपाट, मग कात्रीसारखा काहीतरी आवाज आला, तिची बोथट कात्री, हिरव्या मुठीची, मी स्वतः धार बघितली आहे, आणि आता तोही नाही. मी उठले तर जमिनीची फळी वाजते, फळी वाजली की तिला कळतं, आणि मी शब्द दिलाय की दोनदा बघायचं नाही, आणि एकदा मी मघाशी बघितलेलं आहे. माझी खूण झाली. पण एकीच्या खुणेवर काही खरं नसतं, नियमच आहे तो. तुम्ही इथवर आला आहात, तुमच्या पायाचा आवाज होत नाही. जरा डोकावता का हो? दार ढकलू नका, फटीतून दिसतं. ती नुसती मजेत असेल, तर ते मला सांगा.